दव उतरेपर्यंत

भूपाल मगदूम दुसऱ्यांदा आमदार झाला तरी निपाणीच्या बाजारात त्याला कुणी आमदारसाहेब म्हणालं नाही. चहाच्या गाड्यावर, बसस्टँडवर, तंबाखूच्या वखारींच्या दारात लोक त्याला संपादकच म्हणत. त्यालाही ते आवडायचं. 'चाळण' नावाचं चार पानांचं साप्ताहिक त्यानं बावीस वर्षं काढलं होतं. वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळत, तिची भुकटी त्यांच्या पापण्यांवर, केसांत, भाकरीवर बसे. तिथूनच त्यानं ते नाव उचललं होतं. वखारवाले चारचौघांत हा पेपर हातात धरत नसत, पण गडी पाठवून दर शुक्रवारी मागवून घेत.

पेपरानं भूपालला मोठं केलं, आणि पेपराला मोठं केलं एका फोटोनं. वीस वर्षांपूर्वी बायाक्का नावाची एक चाळणारी बाई त्याच्या छापखान्याच्या मागच्या दारानं आली होती. वखारीच्या संडासाला मालक कुलूप घालतो, खोकून खोकून दोघी रक्त ओकल्या, असं तिनं सगळं सांगितलं. छापा म्हणाली, पण माझं नाव नको, तोंड नको. भूपालनं तिच्या दोन हातांचाच फोटो घेतला. भेगाळलेले, तंबाखूनं तांबडेकाळे झालेले हात. पहिल्या पानावर तो आला आणि गाव हललं. बायकांच्या संपानं एकेचाळीस दिवस वखारी बंद राहिल्या. बायकांना संडास मिळाले, दवाखान्याचं कार्ड मिळालं, आणि भूपालला नाव मिळालं. दोन निवडणुका तो पडला. तिसरीला अपक्ष उभा राहिला आणि बायकांनी त्याला बेंगळूरला विधानसभेत पाठवलं.

बायाक्काला मात्र अंक निघाल्याच्या तिसऱ्याच दिवशी वखारीतनं काढलं. फोटोतल्या उजव्या मनगटावर गोंदलेलं होतं, 'बाया'. त्यानंतर निपाणीतल्या एकाही वखारीनं तिला दारात उभं केलं नाही. ती रानातल्या कामाला लागली, पुढं चौदा बायकांची टोळी तिच्यामागं उभी राहिली. गेली नऊ-दहा वर्षं तिची टोळी भूपालच्याच घरच्या तंबाखूत काम करत होती. रान बघायचा भूपालचा धाकटा भाऊ गोमटेश. भूपाल सणासुदीला रानात आला की बायाक्का लांबूनच हात जोडायची. तोही जोडायचा आणि नजर दुसरीकडं वळवायचा.

डिसेंबरात बेळगावात अधिवेशन चालू होतं. शनिवार-रविवार घरी काढून सोमवारी पहाटे भूपाल निघायच्या तयारीत असताना गोमटेशचा फोन आला. बायाक्काची टोळी बांधावर बसलीय, दव वाळल्याशिवाय आत शिरत नाही म्हणते, तू येऊन सांग, एवढंच तो बोलला.

रान वेदगंगेच्या काठाला होतं. तंबाखू कमरेएवढी आली होती. शेंडे खुडून झाले होते आणि पानांच्या बगलेत फुटवे टरारले होते. ते वेळेवर काढले नाहीत तर पान भरत नाही, सगळा जोर फुटव्यात जातो. गोमटेशला फुटवा पहाटेच काढून हवा असायचा, कारण दवात फुटवा कडकन मोडतो, ऊन चढलं की लोंबत राहतो. शिवाय टोळीला ने-आण करणारा यल्लाप्पाचा टेम्पो दोन वाजता दुसऱ्या गावच्या कामावर लागायचा. पण ओल्या पानाचं पाणी अंगात मुरलं की बायकांना गरगरायचं, उलट्या व्हायच्या. बायाक्काची सून राणी शनिवारी सरीतच ओकून आडवी झाली होती. म्हणून त्या बसल्या होत्या. मजुरी वाढवून मागितली नव्हती. साडेनऊला आत जातो आणि पाचपर्यंत करतो, इतकंच म्हणणं होतं.

गोमटेशनं भावाला विहिरीकडं नेलं. फुटवा आठ दिवसांचा झालाय, आज हात लागला नाही तर निम्मं पान हलकं पडेल, असं तो सांगत राहिला. मग जरा थांबून म्हणाला, "तिकडं तुझं अधिवेशन आणि हितं तुझ्याच रानात संप. आदर्शला कळलं तर तोच छापंल बघ, अण्णा."

आदर्श म्हणजे भूपालनंच तयार केलेला पोरगा. आता 'चाळण' तोच काढत होता. तो छापेल हे भूपालला ठाऊक होतं, कारण छापायला त्यानंच शिकवलं होतं. आणि गोमटेशचं ओझंही होतंच. भूपालनं छापखाना टाकला तेव्हा रान बघायला गोमटेशनं कॉलेज सोडलं होतं. तीस वर्षांत त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आजही दाखवलं नाही. नुसता पायातल्या चपलेनं चिखल खरवडत उभा राहिला.

भूपाल बांधावर जाऊन बायकांच्यात बसला. असं खाली बसणं त्याला जमायचं, त्याच्या सगळ्या सभा तशाच झाल्या होत्या. घरची विचारपूस केली, राणीला बरं आहे का विचारलं. मग तो मुद्द्यावर आला. तुमचं म्हणणं खरं आहे, मी वीस वर्षं तेच बोलतोय, पण आता फुटवा पुढं गेलाय, एवढे चार दिवस सांभाळून घ्या, पुढच्या हंगामापासून हातमोजे आणि साडेनऊची वेळ माझ्याकडं लागली, असं तो मऊ आवाजात बोलला. हाच आवाज वखारवाल्यांच्या दारात चढायचा.

बायका बायाक्काकडं बघत होत्या. ती बासष्टची होती. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. तिनं बराच वेळ तंबाखूकडं बघितलं. पानांवरचं दव अजून पांढरं होतं.

"तुमी सांगताय म्हणून जातो, अण्णा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गेलो नसतो."

बायकांनी कमरेला खताच्या पोत्यांचे तुकडे बांधले आणि एकेक सरी धरली. दहा पावलांत लुगडी गुडघ्यापर्यंत भिजली. गोमटेश हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. भूपाल गाडीत बसला. मागच्या सीटवर फाईल होती, तिच्यात गुरुवारचं भाषण होतं. ते त्यानं पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

तीन दिवस तो बेळगावात होता. कॅम्पात एका जुन्या स्नेह्याकडं उतरायचा, सकाळी तिथून सभागृहात जायचा. या तीन दिवसांत त्यानं ती फाईल चारदा उघडली. भाषण कन्नडमध्ये होतं आणि त्यात एक परिच्छेद होता : तंबाखूच्या रानात पानांवरचं दव उतरेपर्यंत कुणाही बाईला पाठवू नये, पाठवणाऱ्या शेतमालकावर दंड बसावा. तो परिच्छेद गाळावा असं त्याच्या मनात आलं. पेन हातात घेतलं. पण तो गाळला तर भाषणात काही उरत नव्हतं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, आपण चुकलो म्हणून मागणी चुकीची होत नाही. ते खरंही होतं.

गुरुवारी सव्वाअकराला त्याला वेळ मिळाला. त्यानं भाषण सगळं वाचलं, परिच्छेदासकट. त्या परिच्छेदाला आवाज आपोआप चढला. दोन्ही बाजूंची बाकं वाजली. मंत्र्यांनी समिती नेमतो म्हणून सांगितलं. बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी गाठलं, फोटो झाले, एकानं तर ग्रामीण बायकांचं दुःख तुम्हाला इतकं बारकाईनं कसं कळतं म्हणून विचारलं. भूपाल काहीतरी बोलला. मग चहा घेताना त्यानं फोन बघितला. बायको पद्मावतीचे सात फोन येऊन गेले होते.

पद्मावती शाळामास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, कमी बोलणारी बाई. तिनं सांगितलं की बायाक्का आणि राणी दोघी सकाळी रानात पडल्या, बायाक्काला शुद्ध नव्हती, यल्लाप्पाच्या टेम्पोतनं निपाणीला आणलंय. "मी त्यांच्याजवळ बसलेय," ती म्हणाली. "तुमचं भाषण झालं असेल तर या."

भूपाल चहाचा कप तसाच ठेवून गाडीकडं गेला.

दवाखान्यात राणी उठून बसली होती, हातात बिस्किटाचा पुडा होता पण खात नव्हती. बायाक्काच्या नाकाला नळी होती. डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं की पानाचं पाणी कातडीतनं भिनलंय, ते एक-दोन दिवसांत उतरेल, पण यांची छाती आधीच भुकटीनं गेलेली आहे, म्हणून श्वास अडकला. वेळेवर आणलं. भूपालनं बघितलं तर प्राणवायू मोजायचा चिमटा तिच्या बोटाला लावला नव्हता, कानाच्या पाळीला लावला होता. नर्सनं आपणहून खुलासा केला. दहाही बोटांवर तंबाखूच्या चिकाचा काळा थर होता, मशीन आकडा दाखवत नव्हतं. स्पिरिटनं पुसलं, साबणानं घासलं, तरी गेला नाही.

पांढऱ्या चादरीवर ते हात पालथे पडले होते. भूपाल स्टुलावर बसला. पद्मावती राणीला घेऊन बाहेर गेली.

बायाक्काला जाग आली तेव्हा त्यानं जे बोलायला सुरुवात केली ते सोमवारचं नव्हतंच. तो वीस वर्षांमागचं बोलला. तुझं गोंदण फोटोत दिसतंय हे मला छापायच्या आधीच दिसलं होतं, म्हणाला. प्रूफ हातात होतं. फोटो कापता आला असता. पण कापला तर हात अर्धवट दिसत होते, म्हणून तसाच जाऊ दिला. हे त्यानं पद्मावतीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

बायाक्का नळीतनं श्वास घेत ऐकत होती. चष्मा नसल्यानं तिचे डोळे लहान दिसत होते.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "फोटू काढताना बांगड्या तुमीच वर सारल्यासा."

हे भूपालला आठवत नव्हतं. आणि ती म्हणाली त्या क्षणी आठवलं. काचेच्या हिरव्या बांगड्या, त्या कॅमेऱ्यात चमकत होत्या.

तिनं थोड्या वेळानं विचारलं, "भाषण चांगलं झालं न्हवं?" त्यात टोमणा नव्हता. मधे शुद्धीवर आली तेव्हा पद्मावतीनं सांगितलं असावं. तो मान खाली घालून होय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो अधिवेशनाला गेला नाही, 'चाळण'च्या कचेरीत गेला. आदर्शच्या टेबलावर बसून त्यानं हातानं बातमी लिहिली. आपल्या घरच्या रानात काय घडलं, सोमवारी आपण काय सांगितलं, गुरुवारी सभागृहात काय बोललो. गोमटेशचं नाव घातलं, स्वतःचं घातलं. बायकांची नावं घातली नाहीत, फोटो एकही दिला नाही. आदर्शनं दोनदा वाचून विचारलं, गोमटेशकाकांना एकदा सांगूया का. भूपाल नको म्हणाला. विचारत बसलो तर छापलं जाणार नाही.

अंक निघाला आणि जिल्हाभर फिरला. कोल्हापूरच्या, बेळगावच्या पेपरांनी उचलून धरला. असा आमदार बघितला नाही, असे फोन आले. जैन मठाच्या भट्टारक स्वामींनी बोलवून घेऊन पाठीवर हात ठेवला. एका कार्यकर्त्यानं पुढची निवडणूक आता घरात बसून जिंकलो म्हणून सांगितलं, तेव्हा भूपाल त्याच्यावर रागावला, पण तितकासा नाही. त्याला हलकं वाटत होतं. दोन दिवस त्याला भूक चांगली लागली.

तिसऱ्या दिवशी गोमटेश आला. तो आत आला नाही, उंबऱ्यापाशी उभं राहूनच बोलला. लेबर ऑफिसातनं माणसं येऊन पंचनामा करून गेली होती, घरच्या पोरांना शाळेत बोलणी बसली होती. "मला एकदा इचारायचं हुतंस," इतकंच म्हणून तो गेला.

त्याहून पुढचं पद्मावतीनं सांगितलं. आसपासच्या तंबाखूवाल्यांनी आपसात ठरवलं होतं की बायाक्काच्या टोळीला रानात घ्यायचं नाही. जिच्यामागनं पेपर येतो ती बाई नको. बाहेरगावाहून दुसरी टोळी आणलीसुद्धा होती, आणि तीही साडेसहालाच रानात शिरत होती. चौदा बायका तीन दिवस घरी बसून होत्या. यल्लाप्पाचा टेम्पो मोकळा उभा होता.

भूपाल बायाक्काच्या घरी गेला. दवाखान्यातनं ती घरी आली होती, दारात बसून तांदूळ निवडत होती. हात अजून काळे होते, तांदूळ बोटांना चिकटत होते आणि ती ते झटकत होती. राणीनं पाट आणून दिला. भूपालनं सांगायला सुरुवात केली, लेबर ऑफिसरशी बोललोय, तक्रार नोंदवू, असं कुणाला कामावरनं काढता येत नाही.

बायाक्कानं सूप खाली ठेवलं.

"अण्णा, तुमचं मन मोकळं झालं. झालं ते बरं झालं," ती म्हणाली. "पर छापायच्या आधी आमास्नी इचारलं न्हाईसा. तवाबी सांगितलेलं ऐकलं न्हाईसा, आणि आता तर इचारलंबी न्हाई. इचारलं असतं तर आमी म्हटलं असतं, हातमोजे द्या, टेम्पो उशिरा सोडा, गोमटेश अण्णाला घरात बसवून चार शिव्या द्या. पर छापू नका म्हटलं असतं."

"आता काय करू ते सांग," भूपाल म्हणाला.

"आमाला कामावर घ्या म्हणून त्यास्नी सांगा जावा. तुमी गेल्याबिगार व्हायचं न्हाय."

दोन दिवस तो आसपासच्या गावांतनं फिरला. सहा जणांच्या दारात उभा राहिला. यातल्या चौघांच्या विरोधात त्यानं कधी ना कधी लिहिलं होतं. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, एकानं शालही काढली. बोलणं मात्र कुणीच पुढं नेलं नाही. शेवटी सगळे एका ओट्यावर जमले, तिथं भूपालला हात जोडायला लागले. तेव्हा त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, घेतो, तुमच्या शब्दाखातर घेतो, पण वेळ साडेसहाचीच, आणि कुणी पडलं-झडलं तर त्याची बोंब पेपरात होता कामा नये. हे तुम्हीच त्यांना सांगा, आम्ही सांगितलं तर उद्या तेही छापून येईल. बाकीचे हसले. भूपालनं चहा संपवला.

हा निरोप घेऊन तो बायाक्काच्या दारात गेला. साडेसहाची वेळ आहे, एवढंच तो बोलला.

"बरं," बायाक्का म्हणाली आणि आत जाऊन राणीला पोत्यांचे तुकडे धुऊन वाळत घालायला सांगितलं.

मग भूपालनं गोमटेशकडं आपल्या वाटणीची जमीन मागितली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. गोमटेशनं नदीकडच्या दोन एकरांवर हद्दीचे दगड रोवून दिले. तिथली तंबाखू सर्वांत माजलेली होती, फुटवे पानांच्या वर गेले होते. भूपालनं बायाक्काला निरोप धाडला, माझ्याकडं या, साडेनऊला या, हातमोजे आणून ठेवलेत. उत्तर राणी घेऊन आली. तुमचं रान चार दिवसांचं आहे, म्हणाली, आणि तुमच्याकडं आलो तर त्यांच्याकडचं हंगामभराचं जाईल. तिनं ते खाली बघून सांगितलं. जाताना म्हणाली, सासूबाईंनी नमस्कार सांगितलाय.

दुसरी टोळी त्याला मिळाली नाही. मिळाली असती, पण त्यानं शोधली नाही. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता, त्याच्या नावावर दोन प्रश्न लागलेले होते. त्या दिवशी उजाडताच भूपाल एकटाच रानात गेला. पद्मावतीनं साडेनऊपर्यंत थांबा म्हणून सांगितलं, मोजेही हातात दिले. त्यानं ते घेतले आणि बांधावर ठेवून दिले.

पान इतकं गार असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं त्यावर अग्रलेख लिहिले होते. पहिल्या पाच-सहा झाडांतच शर्टाच्या बाह्या भिजून कोपरापर्यंत चिकटल्या. चीक आधी हिरवा होता, मग बोटांच्या पेरांत पिवळा झाला. दहाव्या झाडापाशी तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, ओकला तर नुसतं पाणी पडलं. लेंग्याला हात पुसून तो परत उभा राहिला.

तेव्हा रस्त्यावरनं यल्लाप्पाचा टेम्पो आला. मागं चौदा बायका उभ्या होत्या, कमरेला पोती बांधलेल्या, डोक्याला फडकी गुंडाळलेल्या. त्या पलीकडच्या रानाला चालल्या होत्या. भूपालनं मान वर केली नाही. टेम्पो पुढं गेला आणि थांबला. कुणीतरी हाताला धरून उतरल्याचा आवाज आला, मग चप्पल ओढत येण्याचा.

बायाक्का बांधावर उभी होती. चालून आल्यानं तिला धाप लागली होती. ती आत पाय टाकायला लागली तेव्हा भूपाल घाईनं म्हणाला, "आत नको येऊस, सगळं ओलं हाय."

ती थांबली. त्याच्या पायाशी पडलेले फुटवे तिनं बघितले, मग तो मागं टाकून आलेली झाडं एकेक करून बघितली.

"वरनं तोडलाईसा," ती म्हणाली. "दोन दिसांत परत येतंय ते. बगलंत अंगठा घाला आणि बुडातनं मोडा. पान फाटू द्यायचं न्हाय."

भूपालनं पुढच्या झाडाला अंगठा घातला. फुटवा मोडला, पण निम्मा.

"आणि खाली."

त्यानं परत घातला. या वेळी तो कडकन मुळातनं आला.

"हां. असं," ती म्हणाली. "मागली झाडं परत धरा."

टेम्पोनं हॉर्न दिला. ती वळली, राणीनं वरनं हात दिला, आणि ती चढून बायकांच्यात उभी राहिली. भूपाल मागं पहिल्या झाडापाशी आला आणि पानांत हात घातला. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा त्याची पहिली सरी निम्मीही झाली नव्हती.